वाटेत चप्पल

साठी उलटून कितीतरी वर्षं झाली तरी गोवर्धनने कधी हातात झाडू धरला नव्हता. त्याची लाज वाटावी असं त्याला काही वाटतही नसे. अकोटकडच्या त्याच्या गावात पुरुषमाणूस घर झाडतच नव्हता. वावरात डवरा हाकावा, कपाशीवर फवारावं, पऱ्हाट्या उपटाव्या, वेळ आली तर गोठ्यातलं शेण काढावं. पण उंबऱ्याच्या आतला केर बाईमाणसाचा. मग एका सकाळी चहा गाळता गाळता माणिकबाईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, आणि उंबऱ्याच्या आतलं सगळं गोवर्धनच्या अंगावर येऊन पडलं.

रोज व्यायाम करून घेणारा माणूस खेड्यात मिळायचा नव्हता. म्हणून वावर पुतण्याला, जानरावला, बटईनं दिलं, घराला कुलूप घातलं आणि दोघं अकोल्यात गोरक्षण रोडला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आले. एकुलता एक मुलगा योगेश पुण्यात नोकरीला होता. त्यानंच जागा शोधून दिली, पलंग आणला, न्हाणीत धरायला दांडा बसवून दिला आणि परत गेला. झाडू-पोछ्याला एक बाई लावली होती. ती होळीपर्यंत टिकली. नंतर लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती गेलीच.

फरशी स्वच्छ असणं ही त्या घरात नुसती हौस नव्हती. माणिकबाई चार पायांची काठी धरून चालायला लागली होती, पण डावा पाय उचलला जात नसे, ओढला जाई. खाली बारीक खडा असला तरी तिला तो टोचल्याचं कळायचं नाही. संध्याकाळी पाय धुताना गोवर्धनलाच तळवा सोललेला दिसायचा. मग तो गुडघ्यावर एक हात ठेवून, दुखती कंबर सांभाळत, झाडू मारायला लागला. माणिकबाई पलंगावरून बघत असायची.

"कोपऱ्यात राह्यलं."

"कोणत्या कोपऱ्यात?"

"देवाच्या खाली. अन् झाडू असा आपटू नोका. धूळ उडते अन् पुन्हा खाली बसते."

तो पुन्हा देवाखाली झाडू घालायचा. तिचं खरं असे, आणि खरं असलेलंच माणसाला जास्त लागतं.

हे योगेशच्या कानावर गेलं तेव्हा तो शनिवारी एक मोठं खोकं घेऊन आला. त्याच्या सासुरवाडीला, अमरावतीला, असलं मशीन आधीच होतं. त्याच्या बायकोनं, प्रतीक्षानंच सुचवलं होतं. खोक्यातून जेवणाच्या ताटाएवढं गोल, पांढरं मशीन निघालं आणि त्याच्याबरोबर त्याचं घर निघालं, धान्याच्या डब्याएवढं उंच. योगेशनं ते हॉलमध्ये भिंतीला लावून ठेवलं.

"हे आपल्या मनानं झाडते, आपल्या मनानं पोछा मारते. झालं की इथं येऊन कचरा आतल्या पिशवीत टाकते, पोछाही स्वतःच धुते," तो म्हणाला. "तुमाले काईच करा लागत नाई, बाबा."

मशीन दोन्ही खोल्यांत भिंतीभिंतीनं हिंडलं. त्यानं घराचा नकाशा काढला, तो योगेशच्या मोबाइलवर दिसला. गोवर्धनचा फोन बटणांचा, त्यामुळे सगळं योगेशच्याच मोबाइलवर राहिलं. दुपारच्या वेळी तो पुण्यात ऑफिसमध्ये बसून बोट लावायचा आणि अकोल्यात मशीन आपल्या त्या उंच घरातून बाहेर निघायचं. शेजारच्या बाया पाहायला येऊन गेल्या. माणिकबाई त्यांना सांगायची, "माहा लेक तिथून झाडून रायला."

आणि खरोखर, मशीन घरघरत पलंगाजवळ आलं की ती त्याच्याकडे बघून म्हणायची, "आला का रे? जेवला का?" गोवर्धनला आधी ते पोरकट वाटलं. पण दिवसभरात तिच्या चेहऱ्यावर हसू यायची ती एकच वेळ होती, म्हणून त्यानं कधी टोकलं नाही.

काईच करा लागत नाई, हे मात्र खरं नव्हतं. त्या उंच घरात दोन टाक्या होत्या, एक चांगल्या पाण्याची आणि एक घाण पाण्याची. चांगली भरायची, घाण ओतून द्यायची. अकोल्यात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येई त्या दिवशी ड्रम भरून ठेवायचे आणि त्यातूनच मशीनलाही पाजायचं. घाण पाणी एक दिवस राहिलं तर नाल्यासारखा वास सुटे. खालच्या ब्रशात माणिकबाईचे केस आणि पायपुसण्याचे धागे गुंतत, ते मशीन उलटं करून कात्रीनं कापावे लागत. फरशीवरच्या वायरी, चपला, चादरीचं लोंबतं टोक, हे मशीन निघायच्या आधी उचलून ठेवावं लागे. म्हणजे झाडण्याचं काम गेलं आणि झाडणाऱ्याचं करणं आलं. तरी फरशी स्वच्छ राहायची, हे तो कबूल करायचा.

बाकीचं होतं तसंच होतं. तिला उठवणं, दात घासून देणं, न्हाऊ घालणं, लुगडं सोडून आता गाऊन आला होता तो चढवणं, भाजी चिरणं, पोळ्या जमत नसत म्हणून भाकरी थापणं, औषधं, व्यायाम, आणि रात्री तिची हाक आली की अंधारात चपला चाचपत उठणं. फोनवर योगेश विचारायचा, "बाबा, ठीक हाय ना सारं?" गोवर्धन म्हणायचा, "ठीक हाय." शेतकरी माणूस पिकाबद्दल तक्रार करतो, पावसाबद्दल करतो, स्वतःबद्दल कशी करतात हे त्याला माहीतच नव्हतं.

एप्रिल लागला. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसेना. त्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यानं माणिकबाईला पलंगावर निजवलं, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, मशीनच्या वाटेतलं सगळं उचललं आणि हॉलमधल्या सोफ्यावर जरा टेकला. कूलर धडधडत होता. डोळा कधी लागला ते त्याला कळलं नाही.

फोन वाजत होता. स्वप्नात गावातल्या पिठाच्या चक्कीवर कोणी घंटा वाजवतंय असं त्याला वाटत होतं. मग जाग आली. फोन सोफ्याच्या फटीत गेला होता, तो काढेपर्यंत बंद झाला आणि लगेच पुन्हा वाजला.

"बाबा, आई कुठं हाय?" योगेशचा आवाज वेगळा होता.

"झोपली हाये. काहून रे?"

"बाबा, उठा. आई खाली पडली हाय. बेडरूमच्या दाराशी. उठा पहिले."

पुण्यात बसलेल्या मुलाला हे कसं कळलं, हा विचारही त्याला तेव्हा सुचला नाही. तो फोन तसाच टाकून धावला. अनवाणी पाय फरशीवर पडला तो ओल्यावर. हॉलभर ओल्या पट्ट्या उमटल्या होत्या, आणि त्यांना वास होता.

माणिकबाई दाराच्या चौकटीला पाठ टेकून तिरपी बसली होती. डावा पाय दारातून बाहेर आला होता, काठी लांब जाऊन पडली होती. मशीन तिच्या पायाशी यायचं, थांबायचं, मागे सरकायचं, जरा बाजूनं पुन्हा यायचं. त्याचे दोन गोल पोछे फिरतच होते. ती उजव्या हातानं त्याला ढकलत होती.

"लागलं का? डोक्याले लागलं का?"

"पहिले त्याले बंद करा," ती म्हणाली.

त्यानं वरचं बटण दाबलं. नुसता कूलरचा आवाज राहिला.

तिला लघवीला लागली होती. तिनं हाक मारली, पुन्हा मारली. मग स्वतःच काठी घेऊन उठली. दारापर्यंत यायच्या आतच झालं. तेही एक वेळ चाललं असतं, पुसता आलं असतं. पण तेवढ्यात मशीन आलं आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यावरून फिरायला लागलं. खोलीतून दारात, दारातून हॉलमध्ये, फेऱ्यांवर फेऱ्या. ते सगळ्या घरभर नेतंय हे बघून तिनं काठीनं त्याला अडवायला बघितलं आणि ओल्यावरून पाय सरकला.

"म्या लय हाका मारल्या," ती म्हणाली. रागानं नाही. नुसतं सांगितलं.

"मले आयकू नाई आल्या."

त्यानं तिच्या काखेत हात घातले आणि उचलायला गेला. उठेना. पुन्हा जोर केला तेव्हा त्याच्याच कमरेत कळ आली आणि तो तिथंच, तिच्याजवळ ओल्यात बसला. दोघंही काही वेळ तशीच बसून राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात अशी जमिनीवर शेजारीशेजारी दोघं कधी बसली होती, ते त्याला आठवेना. पंक्तीतसुद्धा बायका वेगळ्या बसत.

"योगेशले सांगू नोका," ती हळूच म्हणाली. "पाणी सांडलं होतं म्हणा."

"बरं."

फोन हॉलमध्ये चालूच होता. त्यातून "बाबा, बाबा" असा बारीक आवाज येत होता.

शेवटी व्यायामवाल्यानं शिकवलं होतं तसं, तिच्या कमरेला पट्टा बांधून, आधी स्टुलावर आणि मग पलंगावर असं त्यानं तिला उचललं. योगेशला सांगितलं, पाणी सांडलं होतं, पाय घसरला, शुद्धीवर हाये, बोलून रायली. मग तिचं अंग पुसलं, गाऊन बदलला. उजवं मनगट सुजायला लागलं होतं. चांगल्या बाजूचा हात.

मग फरशी. मशीनला आता हात लावायची त्याची इच्छा नव्हती. त्यानं बादलीत फिनाइल टाकलं, जुन्या बनियनचं फडकं केलं आणि गुडघे टेकून बसला. माणिकबाई पलंगावरून, उघड्या दारातून बघत होती.

"आडवं पुसा. मांगं मांगं सरका, नाईतर पुसलेल्यावर पाय पडते," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "राहू द्या आता. झालं तेवढं."

"नाई झालं," तो म्हणाला. "वास येऊन रायला अजून."

सगळं पुसून झाल्यावर त्यानं मशीनच्या घरातून घाण पाण्याची टाकी काढली, न्हाणीत रिकामी केली, साबणानं धुतली. पोछे धुतले. ते करताना त्याच्या मनात त्या यंत्राबद्दल राग नव्हता. त्याला जे पुसायला सांगितलं ते त्यानं पुसलं होतं. झोप मात्र आपल्याला लागली, आणि ती कोणी लावली नव्हती.

संध्याकाळी योगेशचा पुन्हा फोन आला. रात्रीच्या गाडीनं निघतोय म्हणाला. मग म्हणाला, "बाबा, मी घरात कॅमेरे बसवून देतो. दोन खोल्यांत दोन. मले इथून सारं दिसत राहीन."

गोवर्धन बाहेरच्या पायरीवर बसला होता. पायरी अजून तापलेली होती.

"कॅमेरा पाह्यते," तो म्हणाला. "उचलते कोण?"

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी झोपलो होतो रे. ती हाका मारत होती अन् मी झोपलो होतो. मी थकलो, योगेश." हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा त्याला स्वतःलाच ते दुसऱ्या कोणाचं वाटलं. "तुह्या मशीननं घर झाडलं जाते, मी नाई म्हणत नाई. पण माहं आंग आता नाई उचलत तिले."

"बरं बाबा," एवढंच योगेश म्हणाला. "मी येऊन रायलो."

सकाळी आला तो थेट आईजवळ जाऊन बसला. मनगटाचा एक्स-रे काढून आणला. हाड शाबूत होतं, नुसतं मुरगळलं होतं. परत आल्यावर बाप-लेक पायरीवर चहा घेत असताना योगेशनं मोबाइल काढून बापासमोर धरला.

"काल मी मिटिंगमध्ये होतो. मशीन अडकलं की हे असं येते."

फोटो होता. जमिनीच्या पातळीवरून काढलेला. पांढरी फरशी, दाराची चौकट आणि मधे एक आडवा पडलेला पाय, घोट्याशी सुजलेला, बोटात चांदीचं जोडवं. पायाभोवती पिवळा चौकोन होता आणि त्याखाली इंग्रजी अक्षरं.

"काय लिह्यलं हाये?"

"वाटेत चप्पल हाय, उचला, असं." योगेशनं मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. "मी पुसूनच टाकणार होतो ते. रोजच काही ना काही येते. वायर, पायपुसणं. मंग जोडवं दिसलं."

गोवर्धननं चहाचा कप खाली ठेवला. पोरानं पाय ओळखला होता. जोडव्यानं का होईना, ओळखला होता.

योगेश त्या वेळी आठवडाभर राहिला. लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये काम करायचा आणि मधेमधे उठायचा. पहिल्याच दिवशी आईला न्हाणीत न्यायला पुढे झाला, तर माणिकबाईनं त्याचा हात बाजूला सारला. "तू नोको. बाबाले बोलाव." त्यानं दोनतीनदा करून बघितलं, पण ती ऐकेना; लघवी दाबून बसायची आणि गोवर्धन भाजी घेऊन येईपर्यंत वाट बघायची. तेव्हा त्याला कळलं असावं की आपण इथं कायमचे येऊन राहिलो तरी हे काम आपल्या हातून होणार नाही.

प्रतीक्षानं अमरावतीच्या तिच्या आईच्या ओळखीतून ललिता नावाची बाई शोधली. दवाखान्यात आजारी बायकांची सेवा केलेली, सध्या अकोल्यात भावाकडे राहणारी. दुपारी येईन, संध्याकाळचं आवरून जाईन म्हणाली.

माणिकबाई दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "परक्या बाईनं माह्या आंगाले हात लावायचा?"

एरवी गोवर्धननं एवढ्यावर माघार घेतली असती. तिचं दुखणं सुरू झाल्यापासून तो तिला कशालाच नाही म्हणाला नव्हता. या वेळी तो पलंगाच्या काठावर बसला.

"हे पाह्य, माणिक. उद्या मी पडलो अशीन अन् तू हाका मारशीन. मंग काय करशीन?"

ती भिंतीकडे बघत राहिली. "चाळीस वर्सं तुमाले कोणी उचलाची गरज नाई पडली," ती म्हणाली.

"आता पडली."

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. पण ललिता आली तेव्हा तिनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

जायच्या आधी योगेशनं मशीनची तजवीज बदलली. आता ते पुण्याहून सुरू व्हायचं नव्हतं. घरात कोणी जागं आणि उभं असेल तेव्हाच, वरचं बटण दाबून. तेच शहाणपणाचं होतं. पण तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी गोवर्धननं बटण दाबलं, मशीन घरघरत पलंगापाशी आलं आणि माणिकबाई त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

"योगेशनं नाई ना चालू केलं?"

"नाई. म्या केलं."

"मले वाटलंच," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

त्यानं हे फोनवर सांगितलं तेव्हा योगेश म्हणाला, त्या वेळेला मी रोज फोन करत जाईन. काही दिवस त्यानं केला. मग कामं निघाली, चुकायला लागला, पुन्हा आठवण झाली की करायचा. गोवर्धननं त्याचा दोष धरला नाही. रोज करायचं काम किती जड असतं ते त्याला ठाऊक होतं.

ललिता रुळली तशी एका दुपारी ती म्हणाली, "दादाजी, तुमी जरा बाहेर जाऊन या. मी हावो ना."

तो चपला घालून रस्त्यावर आला आणि उभाच राहिला. कुठं जायचं ते त्याला सुचेना. औषधं आणलेली होती, भाजी होती, पिठाचा डबा भरलेला होता. मग त्यानं ऑटो केला आणि मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात गेला. पूर्वी गावाहून कापूस विकायला घेऊन यायचा तेव्हा या गल्ल्यांतून हिंडलेला होता. दुकानं बरीच बदलली होती. एका बोळाच्या तोंडाशी न्हाव्याचं दुकान दिसलं, खुर्ची रिकामी होती, पंखा फिरत होता. तो आत जाऊन बसला.

"दाढी की कटिंग?" न्हाव्यानं विचारलं.

"दोन्ही करून दे बाप्पा. घाई नाई."

न्हाव्यानं गळ्याभोवती कापड बांधलं, पाण्याचा फवारा मारला, ब्रशानं फेस केला. गालावरून ब्रश फिरायला लागला तशी गोवर्धनची मान मागच्या उशीवर गेली. कोणीतरी आपलं तोंड धुतंय, आपण काहीच करत नाही, एवढंच त्याला शेवटचं जाणवलं.

दाढी झाली, केस कापून झाले, न्हाव्यानं खांद्यावरचे केस झटकले, तरी गिऱ्हाईक हलेना. त्यानं एकदा वाकून श्वास चालू आहे ना ते बघितलं. बाहेर एक जण येऊन उभा राहिला होता. न्हाव्यानं त्याला हातानंच बाकावर बसायची खूण केली, पंखा गोवर्धनच्या बाजूला वळवला आणि वस्तरा पुसत बसला.